जुना व्हाइट पाइन हाती आलाय, पुन्हा आकार कसा देऊ?

सूचिपर्ण

नमस्कार मंडळी,

बोन्सायमध्ये मी अगदीच नवा नाही. जुनिपर आणि ब्लॅक पाइनवर बऱ्यापैकी हात बसलाय. पण आता घरी असं झाड आलंय की कात्री उचलायचा धीर होत नाहीये. जपानी व्हाइट पाइन, म्हणजे गोयोमात्सू. आधीच्या मालकांना वयामुळे कुंडी उचलवेना, म्हणून त्यांनी ते माझ्या स्वाधीन केलं. नक्की वय कुणालाच ठाऊक नाही, पण बुंधा आणि साल पाहता झाड म्हातारं आहे हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

तब्येत ठीक आहे. उंची साधारण ७० सेंमी, नागमोडी खोड, मोयोगी पद्धतीचं. ब्लॅक पाइनच्या खुंटावर कलम केलेलं आहे, सांधा मातीपासून वीतभर वर सहज ओळखू येतो : खाली काळपट, भेगाळलेली जाड साल आणि वर करडी, बारीक खवल्यांची.

आता अडचणी. मधली काही वर्षं झाडाला पाणी आणि खत एवढंच मिळालं. फांद्यांचे थर एकमेकांत मिसळून गेलेत, लांबून पाहिलं तर हिरवी छत्री दिसते. आतल्या फांद्या उघड्या पडल्यात, हिरवं फक्त टोकांना. शेंडा माजलाय, तिथल्या सुया लांब, आणि खालच्या फांद्यांवर आखूड, विरळ. डावीकडची पहिली फांदी गरजेपेक्षा जाड आहे आणि सरळ आडवी बाहेर गेलीये.

माझा बेत असा : येत्या वसंतात कुंडी बदलायची, त्याच वेळी शेंडा छाटायचा, मग उन्हाळा लागताना सगळ्या कॅन्डल (वसंतात येणारी मेणबत्तीसारखी उभी कोवळी फूट) काढून टाकायच्या म्हणजे आखूड सुयांची दुसरी फूट येईल, आणि पाठोपाठ वायरिंग, म्हणजे तार गुंडाळून फांद्या वळवणं.

काय वाटतं?

तिरकस

फोटो दिसत नाहीयेत.

कुंडीवाला

मला दिसतायत. झाड सुंदर आहे, अभिनंदन.

आणि आता कात्री कपाटात ठेवा. चेष्टा नाही करत. तुमचा बेत ब्लॅक पाइनसाठी निम्मा बरोबर आहे, व्हाइट पाइनसाठी जवळजवळ पूर्ण चूक आहे.

ब्लॅक पाइनची वसंतातली कॅन्डल उन्हाळ्याच्या सुरुवातीला बुडापासून काढली की त्याच हंगामात ते पुन्हा फुटतं, आणि ही दुसरी फूट आखूड सुयांची असते. ते झाड मूळचं समुद्रकाठचं, त्याच्या अंगात तेवढा जोर असतो. व्हाइट पाइन डोंगरातलं. त्याला वर्षाला एकच फूट. सगळ्या कॅन्डल काढल्यात तर फार तर पुढच्या वर्षासाठी अशक्त डोळे धरेल, आणि ज्या फांद्या आधीच दुबळ्या आहेत त्या सोडूनच देईल. तुमच्या खालच्या फांद्या पहिल्या जातील. म्हणजे ज्या वाचवायच्या आहेत त्याच.

तुमचा खुंट ब्लॅक पाइनचा आहे, त्यामुळे मुळांना जोर चांगला असेल. पण वरचा भाग व्हाइट पाइनच्याच स्वभावाने वागणार, त्यात खुंटामुळे फरक पडत नाही.

दुसरं म्हणजे कुंडी बदलणं, शेंड्याची छाटणी, कॅन्डल आणि वायरिंग हे सगळं एका वर्षात जुन्या झाडावर कधीच करू नये. मुळांना हात लावलात त्या वर्षी वरच्या बाजूला जमेल तितकं कमी करायचं.

हिरवी वही

मी अगदी नवखी आहे, म्हणून बाळबोध प्रश्न. पाइन हा पाइनच ना? मग ब्लॅक, व्हाइट असा फरक ओळखायचा कसा? आणि मुळात कलम कशाला करतात? जुनं झाड स्वतःच्या मुळांवर असलेलं चांगलं नाही का?

निळी सुई

@हिरवी वही, सोपी खूण म्हणजे सुया मोजायच्या. ब्लॅक पाइनच्या एका जुडग्यात दोन सुया, लांब, जाड, टोकदार. व्हाइट पाइनच्या जुडग्यात पाच, आखूड, मऊ, थोड्या वळलेल्या. सुईच्या आतल्या बाजूंवर बारीक पांढऱ्या रेषा असतात, त्यामुळे झाड लांबून निळसर दिसतं. 'गोयो' म्हणजेच पाच पानं.

कलमाचं कारण व्यवहाराचं आहे. ब्लॅक पाइनचा खुंट लवकर जाड होतो, मुळं दमदार असतात आणि बुंध्याला राकट साल येते. व्हाइट पाइन एरवी फार सावकाश जाड होतो. शिवाय आखूड सुयांच्या, दाट फुटीच्या निवडक जाती बियांपासून तशाच्या तशा उतरत नाहीत, त्यांना कलम हाच मार्ग. स्वतःच्या मुळांवरच्या जुन्या झाडांना मान जास्त आहे हे खरं. फुकुशिमाकडच्या आझुमा डोंगरातले आणि शिकोकूतल्या इशिझुची भागातले गोयोमात्सू त्यासाठी ओळखले जातात. पण नीट जमलेलं जुनं कलम कमी प्रतीचं असतं असं मी म्हणणार नाही. सांधा फुगून विद्रूप झालाय का, एवढं बघायचं.

@सूचिपर्ण, तुमच्या चौथ्या फोटोत सांधा बेताचा वाटतोय. झाड थोडं उजवीकडे फिरवलं तर तो आणखी झाकला जाईल असं वाटतं. आणि त्याच फोटोत सुयांच्या बुडाशी पांढरा कापूस दिसतोय तो काय आहे?

सूचिपर्ण

@कुंडीवाला, बरं झालं विचारलं ते. कात्री कपाटात.

@निळी सुई, कापूस मला वाटलं बुरशी असेल. कुंडीतल्या मातीतही पांढरं जाळं आहे.

निळी सुई

दोन्ही वेगळी प्रकरणं आहेत. मातीतलं पांढरं जाळं बहुधा मायकोरायझा, म्हणजे मुळांशी सख्य असलेली बुरशी. ती पाइनला हवीच असते, तिला धुऊन काढू नका. सुयांच्या बुडाशी किंवा कॅन्डलवर कापसाचे ठिपके असतील तर ती अ‍ॅडेल्जिड नावाची रस शोषणारी कीड. व्हाइट पाइनवर ही नेहमीची पाहुणी. मऊ ब्रशने आणि पाण्याच्या फवाऱ्याने काढा, दर आठवड्याला पुन्हा बघा, नव्या कॅन्डल लांबायला लागतात तेव्हा तर नक्कीच. तेलाची फवारणी शेवटचा उपाय, तेलाने सुयांची निळसर झाक जाते. फांद्या दाट झाल्या की हवा खेळत नाही आणि या किडीचं फावतं. म्हणजे झाड मोकळं करण्याला हेही एक कारण.

राळ

कुंडीवाला म्हणतात ते कॅन्डल काढण्याबद्दल बरोबर. पण नुसतं बघत बसूनही चालणार नाही. वसंतात प्रत्येक कॅन्डल अर्धी मोडा, फूट दाट होईल. आणि ती डावीकडची पहिली फांदी कापून जिन (साल सोलून ठेवलेलं मृत लाकूड) करून टाका. झाडाला एकदम करारीपणा येईल. अशी मुसळासारखी फांदी ठेवून कसलं शैलीकरण होणार?

कुंडीवाला

@राळ, 'प्रत्येक' या शब्दाला माझी हरकत आहे. सगळ्या कॅन्डल सारख्या मोडल्या तर जोरदार फांदी जोरदारच राहते आणि अशक्त फांदी आणखी अशक्त होते. आपल्याला नेमकं उलटं हवंय.

जरा सविस्तर लिहितो, कारण व्हाइट पाइनचं अर्धं काम इथेच आहे.

कॅन्डल लांबली आहे, पण सुया अजून अंगाला चिकटलेल्या आहेत, ती वेळ पकडायची. शेंड्यावरच्या आणि टोकांवरच्या दणकट कॅन्डल निम्म्यापर्यंत मोडायच्या. मधल्या ताकदीच्या असतील तर फार तर तिसरा हिस्सा. आतल्या आणि खालच्या बारक्या कॅन्डलना बोटही लावायचं नाही. बोटांनी मोडायचं, कात्रीने नाही. कात्रीने सुया मध्येच कापल्या जातात आणि त्यांची टोकं तपकिरी पडतात. एका ठिकाणी तीन-चार कॅन्डल आल्या असतील तर दोन ठेवायच्या, जाडजूड मधली शक्यतो काढायची. तीन-चार तशाच वर्षानुवर्षं राहिल्या की तिथे गाठ धरते, आणि व्हाइट पाइनवरची गाठ मुळीच लपत नाही.

सगळ्या कॅन्डल एकाच दिवशी तयार होत नाहीत. शेंडा आधी, खालच्या फांद्या मागाहून. म्हणून दोन-तीन फेऱ्या होतात. घाई असलेल्या माणसाने व्हाइट पाइन पाळू नये.

आणि सूचिपर्णांच्या झाडाबद्दल माझं मत : पहिल्या वसंतात फक्त शेंड्यावरच्या दांडग्या कॅन्डल मोडा, बाकी सगळं वाढू द्या. हे झाड उपाशी नाही, असमतोल आहे.

हिरवी वही

पण मग सुया आखूड कशा होणार? मला वाटायचं की छाटण्यामुळेच होतात.

कुंडीवाला

व्हाइट पाइनमध्ये सुयांची लांबी बरीचशी खत आणि पाण्यावर ठरते. कॅन्डल उघडत असताना भरपूर खत आणि भरपूर पाणी दिलंत की सुया लांबणारच. पक्क्या बसलेल्या जुन्या झाडाला वसंतात खत देत नाहीत किंवा अगदी नावाला देतात. सुया पूर्ण वाढून कडक झाल्या की सुरुवात करायची आणि शरदात मनमोकळं द्यायचं. पुढच्या वर्षाचे डोळे त्यावर पोसतात. पाणी वरची माती वाळायला लागल्यावर. व्हाइट पाइन थोडा तहानलेला चालतो, सतत ओल्या मातीत मात्र मुळं कुजतात.

पण हे सगळं झाड ठणठणीत झाल्यावरचं. सूचिपर्णांना आतून नवी फूट हवी आहे, म्हणून पहिली दोन-एक वर्षं खताला काटकसर नको. सुया लांब आल्या तर येऊ देत. लांब सुया कमी करता येतात. मेलेली फांदी परत आणता येत नाही.

तिरकस

'मुसळासारखी फांदी' वाचून फोटो पुन्हा उघडायचा प्रयत्न केला. अजूनही दिसत नाहीयेत. पण धागा रंगतोय, वाचतोय.

निळी सुई

@राळ, जिनबद्दल माझा थोडा विरोध. जुनिपरचं मृत लाकूड वर्षानुवर्षं टिकतं. पाइनचं राळेने भरलेलं गाभ्याचं लाकूड टिकतं, पण बाहेरचं कोवळं लाकूड लवकर कुजतं. चुना-गंधकाचं द्रावण लावून काही काळ लांबवता येतं, एवढंच. टिकाऊपणाचा मुद्दा बाजूला ठेवला तरी व्हाइट पाइनचा स्वभाव सौम्य आहे. मऊ सुया, हलका निळसर रंग, हळू उतरत जाणाऱ्या फांद्या. खालीच पांढरं खुंट ठेवलं तर नजर तिथेच अडकेल.

अवांतर वाटेल, पण जमेल तितकी जुनी गोयोमात्सू नीट बघा. ओमियाचं बोन्साय गाव १९२३च्या भूकंपानंतर तोक्योतून बाहेर पडलेल्या बागवाल्यांनी १९२५ मध्ये वसवलं. तिथल्या संग्रहालयात (२०१० मध्ये सुरू झालं) आणि उएनोला भरणाऱ्या कोकुफू-तेन प्रदर्शनात उत्तम जुने पाइन असतात, त्यांचे फोटो सहज मिळतात. बघताना फांद्यांकडे नाही, फांद्यांमधल्या मोकळ्या जागेकडे बघा. सूचिपर्णांच्या झाडात आज ती जागाच नाही. तिथून सुरुवात करायला हवी.

पानगळ

तो हिरोशिमाचा पाइनही व्हाइट पाइनच ना? ४०० वर्षांचा, बॉम्ब थेट डोक्यावर पडूनही वाचलेला?

निळी सुई

हो, व्हाइट पाइनच, पण थेट डोक्यावर नाही. तो यामाकी कुटुंबाच्या बागेत होता, स्फोटाच्या जागेपासून साधारण ३ किलोमीटरवर, आणि बागेच्या भिंतीने त्याला आडोसा दिला. मासारू यामाकींनी १९७६ मध्ये तो अमेरिकेला भेट दिला, आता वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात आहे. गंमत म्हणजे बॉम्बची गोष्ट तिथल्या लोकांना २००१ मध्ये कळली, यामाकींचे नातू झाड बघायला आले तेव्हा. तोवर ते एक छान जुनं झाड होतं, बस्स.

त्याच्याबद्दल '१६२५ पासून संगोपनात' असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ झाड तेव्हापासून माणसाच्या हाताखाली आहे. सूचिपर्णांसाठी त्यात कामाची गोष्ट अशी की इतके हात बदलूनही त्याची मूळ ठेवण कुणी मोडलेली नाही. तोक्योच्या राजवाड्यातला तिसऱ्या शोगुनच्या, म्हणजे तोकुगावा इएमित्सूच्या नावाने ओळखला जाणारा पाइनही तसाच. नवा सांभाळणारा आला की आधी झाड काय म्हणतंय ते वर्षभर बघतो.

राळ

राजवाड्यातल्या झाडाची गोष्ट वेगळी. या झाडाची मूळ ठेवण छत्री आहे. ती मोडलीच पाहिजे.

निळी सुई

छत्री ही ठेवण नाही, दुर्लक्ष आहे. खाली ठेवण शाबूत असेल. सुया काढल्या की दिसेल.

सूचिपर्ण

धागा वर काढतोय. शरद आलाय, आणि आतल्या जुन्या सुया पिवळ्या पडायला लागल्यात. आधी घाबरलो, मग सगळ्या फांद्यांवर एकसारखं दिसलं तेव्हा जीव भांड्यात पडला. वसंतात @कुंडीवाला म्हणाले तसं फक्त शेंड्यावरच्या कॅन्डल मोडल्या. उन्हाळ्यापासून पेंडीचं खत चालू आहे. कापूस आटोक्यात आहे.

आता जुन्या सुया काढायच्या आहेत. किती काढायच्या? ब्लॅक पाइनला मी शेंड्यावर अमुक जोड्या, खाली तमुक असं मोजून ठेवतो.

निळी सुई

सुया आतल्या आणि जुन्याच पिवळ्या होतायत ना? मग ती नैसर्गिक गळ. टोकाच्या नव्या सुया पिवळ्या झाल्या किंवा सुयांवर पट्टे दिसले तर मात्र रोग किंवा मुळांचा प्रश्न समजायचा.

काढायची पद्धत : एका हाताने फांदीचं टोक धरायचं, दुसऱ्या हाताने किंवा चिमट्याने जुनं जुडगं सुया ज्या दिशेला वाढतात त्या दिशेने ओढायचं. उलट ओढलं तर साल सोलते. पिवळ्या सुया हात लावताच येतात. हिरव्या असलेल्या जुन्या सुया शेंड्यावर आणि टोकांवर बऱ्याच काढायच्या, मधल्या भागात थोड्या, आणि खालच्या अशक्त फांद्यांवरच्या राहू द्यायच्या. व्हाइट पाइनवर मी जोड्या मोजत नाही. प्रकाश खालच्या फांदीपर्यंत पोचतोय का, हेच माप.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. व्हाइट पाइन सुया नसलेल्या जुन्या लाकडावर क्वचितच फुटतो. जिथे सुया आहेत तिथेच डोळा येण्याची आशा. त्यामुळे आतल्या बाजूला एखादं चुकार जुडगं दिसलं तर ते सोनं समजा. नंतर कधी फांदी मागे घ्यायची झाली तर त्याच्याच भरवशावर घेता येईल. आत अजिबातच काही उरलेलं नसेल तर हिवाळा संपता संपता तिथे बारीक काडी कलम करण्याचाही पर्याय आहे. जपानी बागांमध्ये सर्रास करतात, पण तो पुढचा विषय.

सूचिपर्ण

सुया काढून झाल्या. खाली ठेवण सापडली! चुकार जुडगी अपेक्षेपेक्षा बरीच आहेत, विशेषतः मधल्या फांद्यांवर. आणि डाव्या पहिल्या फांदीवर एक दुय्यम फांदी निघाली, बुंध्यापासून फार लांब नाही, खालच्या दिशेने वळलेली. ती आधी दिसतच नव्हती.

शेंडा मात्र भयंकर. एका ठिकाणी पाच फांद्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या, आणि मध्ये फुगवटा. फोटो टाकलेत.

तिरकस

दिसले!! आहाहा. सालीवर मरून जावं.

कुंडीवाला

आता बोलण्यात अर्थ आहे.

शेंडा : पाचातल्या दोन या हिवाळ्यात काढा, तिसरी पुढच्या हिवाळ्यात. थंडीत कापायचं, तेव्हा राळ कमी वाहते. जखमेला लेप लावा. अगदी खोडालगत सपाट कापायची घाई करू नका, थोडं खुंट सोडा, ते वाळल्यावर खोलगट साफ करा, म्हणजे भरून आल्यावर फुगवटा कमी दिसेल. मधल्या उभ्या जाड फांदीऐवजी पुढे झुकलेली बारीक फांदी नवा शेंडा म्हणून धरा. जुन्या झाडाचा शेंडा गोलसर हवा, टोकेरी शेंडा तरुण झाडाचा.

पहिली फांदी : मी कापणार नाही. दुय्यम फांदी सापडली आहे, तिला पुढे आणा आणि मूळ फांदी खाली ओढा. व्हाइट पाइनचं लाकूड लवचीक असतं, पण जाडी बरीच आहे. ओला रॅफिया (ताडाच्या पानांचा चिवट धागा) घट्ट गुंडाळा, बाहेरून जाड तांब्याची तार, आणि कुंडीच्या कडेला बांधलेली ताणाची तार. तार सालीवर जिथे टेकेल तिथे रबराचा तुकडा घाला. एकदम नाही, टप्प्याटप्प्याने. ओढल्यानंतर काही आठवडे कडाक्याची थंडी आणि बोचरा वारा लागू देऊ नका.

राळ

आणि ती जाडी? खाली ओढली तरी जाडी जाणार आहे का? खोडाच्या निम्म्याहून जाड फांदी तिथे शोभत नाही. दुय्यम फांदी सापडली आहे तर मूळ फांदी तिच्यापर्यंत मागे कापा. हे तर अगदी सरळ आहे.

कुंडीवाला

पुढे कधीतरी हो. आज नाही. दुय्यम फांदीवर आज मोजून चार टोकं आहेत. मूळ फांदी कापलीत तर झाडाची डावी बाजू उघडी पडेल आणि ती भरायला किती वर्षं लागतील ते सांगता येणार नाही. दुय्यम आधी वाढू द्या, मूळ फांदीवरच्या सुया आणि कॅन्डल दरवर्षी थोड्या कमी करत जोर तिच्याकडे वळवा. मग कापा.

निळी सुई

मी कुंडीवाला यांच्या बाजूने. पण राळ यांचा जाडीचा मुद्दा खोटा नाही. म्हणूनच झाड उजवीकडे थोडं फिरवून पुढची बाजू बदला असं सुचवते. त्या कोनातून मूळ फांदी किंचित मागे जाते, जाडी कमी भासते, आणि कलमाचा सांधाही दुय्यम फांदीच्या मागे लपतो. नेबारी, म्हणजे बुंध्याशी मातीवर दिसणारी मुळं, त्या बाजूने कशी आहे?

सूचिपर्ण

त्या बाजूने नेबारी उलट चांगली आहे. आताच्या दर्शनी बाजूला एक मूळ थेट समोर येतं, ते फिरवल्यावर कडेला जातं.

वायरिंगचं विचारायचं होतं. अ‍ॅल्युमिनियमची तार भरपूर आहे. चालेल?

कुंडीवाला

बारीक टोकांना चालेल. जाड फांद्यांना तापवून मऊ केलेली तांब्याची तारच घ्या, कमी जाडीत जास्त पकड मिळते आणि दिसतेही कमी. तारेची जाडी फांदीच्या साधारण एक तृतीयांश. शक्यतो एका तारेने दोन शेजारच्या फांद्या. खालून वर जायचं, जाड फांदीकडून बारीक टोकाकडे. सुया तारेखाली दाबल्या जाऊ देऊ नका.

थरांची ठेवण : खालची बाजू साफ, वरची हलकी घुमटदार. फांदीखालून लोंबणारं आणि सरळ वर उठणारं काढायचं, दुय्यम फांद्या डावी-उजवी अशा पसरवायच्या, टोकं किंचित वर. प्रत्येक थराखाली दिसेल एवढी मोकळी जागा ठेवा. खालच्या फांद्या जास्त उतरत्या, वर जाल तसा उतार कमी.

हिरवी वही

तार किती दिवस ठेवायची?

निळी सुई

व्हाइट पाइन बसायला वेळ घेतो, वर्षभर किंवा जास्तही. पण दिवसांवर ठरवायचं नसतं. उन्हाळा सरताना आणि शरदात फांद्या जाड होतात, तेव्हा तार अचानक रुतते. त्या काळात दर आठवड्याला बघायचं. रुतायला लागली की तार कापून तुकड्यांनी काढायची, उलगडत बसायचं नाही, सुया आणि डोळे तुटतात. फांदी परत वर आली तर पुन्हा बांधायची. साल गुळगुळीत असलेल्या वरच्या फांद्यांवर व्रण वर्षानुवर्षं दिसतात, सूचिपर्णांच्या तिसऱ्या फांदीवर जुने आहेतच बघा.

सूचिपर्ण

हिवाळ्याचा अहवाल. शेंड्याच्या दोन फांद्या काढल्या, नवा शेंडा पुढे झुकवून बांधला. वायरिंग पूर्ण झालं. पहिली फांदी रॅफिया आणि ताणाच्या तारेने अर्ध्या वाटेवर आणलीये, उरलेलं थंडी ओसरताना. दुय्यम फांदी पुढे आली. झाड सध्या जरा बोडकं दिसतंय, पण थर वेगळे झालेत आणि खालच्या फांदीवर पहिल्यांदाच ऊन पडतंय.

कुंडी कधी बदलू? पाणी झिरपायला वेळ लागतोय.

कुंडीवाला

वेळ लागतोय म्हणजे किती? वर साचून राहतंय का? तसं असेल तर या वसंतात काडीने वरच्या मातीत भोकं पाडा, त्यात पमिसची (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) भरड घाला, एवढ्यावर भागवा. खरी कुंडी पुढच्या वसंतात, डोळे हलायच्या आधी. आणि त्या वर्षी कॅन्डल मोडायच्या नाहीत, वायर चढवायची नाही.

बदलताना सगळी माती धुऊ नका. मुळांचा गड्डा अर्धा मोकळा करा, अर्धा तसाच ठेवा, उरलेला पुढच्या खेपेला. जुनी माती थोडी नव्यात मिसळा म्हणजे मायकोरायझा टिकेल. मिश्रण आकादामा (दाणेदार जपानी माती), पमिस आणि कीर्यू (जपानी भरड वाळू), पाणी झरझर उतरेल असं. व्हाइट पाइनला मी आकादामा ब्लॅक पाइनपेक्षा जास्त ठेवत नाही, उलट पमिस वाढवतो. झाड तारेने कुंडीला पक्कं बांधा, डुललं की नवी मुळं तुटतात. नवी पुढची बाजू त्याच वेळी बसवा, त्याआधी उगाच फिरवाफिरवी नको.

पानगळ

आणि कुंडीचा रंग? निळी झिलई छान दिसेल का?

निळी सुई

पाइनला बिनझिलईची, मातकट तपकिरी. खोड भारदस्त आहे, तर आयताकृतीच ठेवा, आता आहे त्यापेक्षा किंचित उथळ. शेंडा उतरवल्यावर आताची कुंडी जड वाटेल.

सूचिपर्ण

ठरलं. या वसंतात फक्त भोकं आणि पमिस, खत सुया कडक झाल्यावर, शेंड्यावरच्या कॅन्डल जोर बघून. कुंडी पुढच्या वर्षी. पहिली फांदी राहतेय.

राळ

राहू दे. शेंड्याची तिसरी फांदी काढाल त्या हिवाळ्यात दुय्यम फांदीवरची टोकं मोजा आणि इथे लिहा. आठ झाली असतील तर मी कापायचं पुन्हा म्हणणार.

कुंडीवाला

आठ झाली तर मीही म्हणेन.